बाहीच्या आतली माया

रक्तदाब मोजायचा पट्टा माझ्या दंडावर थांबेना. सिस्टरने दोनदा गुंडाळला आणि दोन्ही वेळा तो कोपरापर्यंत घसरला. शेवटी तिने आतल्या खोलीतून लहान मुलांचा पट्टा आणला. तो नीट बसावा म्हणून डॉक्टरबाईंनी माझ्या ब्लाउजची बाही वर सारली, तेव्हा ती उलटली आणि आतली शिवण बाहेर आली.

डॉक्टरबाई थांबल्या. बाहीची कड दोन बोटांत धरून त्यांनी ती उजेडाकडे केली. आत एकाशेजारी एक अशा पाच शिवणी होत्या, प्रत्येक शिवण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची.

"हे काय आहे?"

"बाही ढिली होत गेली, तशी आत घेत गेले," मी म्हणाले. "मी ब्लाउज शिवते. म्हसावदला."

"किती दिवसांत घेतली एवढी आत?"

तारखा मला सांगता आल्या नसत्या, पण दोरे सांगत होते. सगळ्यात बाहेरची मरून शिवण मूळची. तिच्या आतली हिरवी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीची. मग पोळ्याच्या सुमाराची काळी, दिवाळीच्या गर्दीतली पिवळी, आणि होळीच्या आधी घातलेली पांढरी. मी एकेका शिवणीवर बोट ठेवून सांगितलं. डॉक्टरबाई कागदावर लिहीत गेल्या. इतकी वर्षं लोकांची मापं मी लिहून घेतली, त्या दिवशी माझं माप दुसरं कोणी लिहून घेत होतं.

मग त्यांनी माझा दंड चाचपला, मांडी चाचपली, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायला सांगितलं. मला उठता आलं नाही. बोटाला टोचून साखर बघितली, लघवी तपासायला पाठवली. अर्ध्या तासाने चिठ्ठी आली ती वाचून त्या माझ्या यजमानांकडे बघत म्हणाल्या, "यांना घरी सोडत नाही. लघवीत किटोन आहेत. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून जी आम्लं तयार होतात ती ही. यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ संपलेलं दिसतंय."

मी एवढंच म्हणाले, "डाकतरबाई, मी गूळ खादा नही." घाबरले की माझ्या तोंडून अहिराणीच येते.

त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. यजमानांना लागला. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

आता मागचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी मला शुगर निघाली. आमच्याकडे मधुमेह कोणी म्हणत नाही, शुगरच म्हणतात, आणि त्या नावानेच अर्धा घोटाळा केला असं मला आता वाटतं. साखरेचा आजार म्हटलं की सगळ्यांचं लक्ष साखरेच्या डब्यावर. मी गोळ्या घेत होते, चहा बिनसाखरेचा पीत होते, आणि तरीही दर तपासणीला आकडा वरच. ज्या डॉक्टरांकडे तेव्हा जात होते ते चांगले माणूस, पण तिसऱ्या वेळी तेही कंटाळून म्हणाले, "ताई, काहीतरी गोड खाताय तुम्ही."

हे वाक्य माझ्या यजमानांनी घरी आणलं. माझे यजमान भास्कर, गावाच्या पाणीपुरवठ्यावर वॉलमन आहेत. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात, आणि गळती कुठे आहे ते शोधून काढायची त्यांना सवय. घरातही त्यांनी तेच केलं. एक दिवस चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "खरं सांग, गूळ खास का तू?"

मी खात नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी गुळाचा डबा माळ्यावर गेला. शिडीशिवाय हात पोचणार नाही असा, मागच्या कोपऱ्यात. त्या रिकाम्या फळीकडे बघून मला रोज राग यायचा. पन्नाशीला टेकलेल्या बाईपासून गूळ लपवून ठेवलाय, जशी मी चोरून खाणारी पोर.

तोवर मी बारीक होत होते. आणि खरं सांगते, सुरुवातीला मला ते आवडलं. बाजाराच्या दिवशी बायका माप द्यायला आल्या की म्हणायच्या, "मायवं, कितली बारीक व्हई गयी तू! काय खास वं?" मी हसून विषय बदलायची. इतरांचे ब्लाउज दर वर्षी सैल करायला येतात, माझा मात्र आत घ्यावा लागतोय याचा थोडा तोराही होता.

माझी चूक इथे झाली, आणि ती शिवणाऱ्या बाईकडूनच होईल अशी चूक आहे. दुसऱ्या कोणाची बाही ढिली झाली असती तर ती म्हणाली असती, मला काय झालंय? माझी ढिली झाली की मी मशीनवर बसायची, पाव इंच आत एक शिवण मारायची आणि बाही पुन्हा चोपून बसायची. आरशात सगळं ठीक. दुखणं अंगात वाढत होतं आणि मी ते मापात बसवत होते. दहा महिन्यांत चार वेळा.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. आत जमलेलं जादा कापड मी कापलं नाही. शिवणीच्या आत जे कापड राखून ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. ज्या बाईकडे मी शिवण शिकले ती प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी बजावायची, माया कापू नका, अंग पुन्हा भरतं. माझ्या नणंदेने, ब्राह्मणपुरीच्या मालूताईंनी, एकदा ती जाड झालेली कड बघून म्हटलं होतं, "वहिनी, कापी टाक ना ते. काखमा टोचस नही का?" टोचायचं. तरी कापलं नाही.

मालूताईंनी आणखी एक सल्ला दिला, तो मी मनापासून पाळला. "भाकर सोडी दे, वहिनी. डाळ खा, अंडा खा, ताकद तठेच शे." ताई माझ्या काळजीनेच बोलत होत्या. मी ज्वारीची भाकरी बंद केली. दोन्ही वेळ घोटलेली उडदाची डाळ वाटीवर वाटी, उकडलेली अंडी, मोड आलेले मूग. महिनाभरात अंगात ताकद येईल असं वाटलं होतं. उलट कोळशाची इस्त्री उचलताना मनगट वाकायला लागलं. मोठी कात्री चालवताना अंगठा मध्येच सुटायचा आणि कापडाला दातरे पडायचे. जमिनीवर बसून बेतायला घेतलं की उठताना मशीनचा पाय धरावा लागे. तहान इतकी की मशीनशेजारी तांब्याऐवजी कळशीच ठेवली. साखरेचा आकडा जिथल्या तिथे.

पायमशीन चालवताना मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. हे काम सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि आवडतही नाही. त्याच आठवड्यात आम्ही शहाद्याला गेलो, आणि पट्टा दंडावरून घसरला.

दवाखान्यात मी सहा दिवस होते.

पहिल्या दिवसाचं फारसं आठवत नाही. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताच्या नळीतून एका छोट्या यंत्राने थेंब थेंब इन्सुलिन. दर तासाला बोटाला टोचायचं. दोन-चार तासांनी रक्त घेऊन पोटॅशियम बघायचं, कारण इन्सुलिन सुरू झालं की रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं आणि एकदम उतरू शकतं, आणि ते उतरलं तर हृदयाला धोका. हे मला सिस्टरने सांगितलं. आपल्याला काय करताहेत ते कोणी सांगितलं की भीती निम्मी होते, म्हणून तुम्हीही विचारत जा. सिस्टर चिडत नाहीत. चिडल्या तर थोड्या वेळाने पुन्हा विचारा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसून पेज प्यायले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई फेरीला आल्या तेव्हा खुर्ची ओढून माझ्या खाटेशेजारी बसल्या. यजमान सलाईनच्या दांडीपाशी उभे होते.

मला एकच विचारायचं होतं. "माझे हात परत येतील का?"

त्यांनी आधी माझी भाषा शोधली असं मला नंतर वाटलं.

"तुम्ही डाळ खाता, अंडं खाता, त्यात प्रोटीन असतं," त्या म्हणाल्या. "पोटात त्याचे बारीक तुकडे होतात. त्या तुकड्यांना अमिनो ॲसिड म्हणतात. हे तुकडे रक्तातून फिरतात, स्नायू ते उचलतात आणि जोडून आपलं मांस बांधतात. पण स्नायू नुसते बांधले जात नाहीत, रोज थोडे उसवतही असतात. माणूस निरोगी असला तरी. त्या उसवण्याला आम्ही प्रोटिओलिसिस म्हणतो. दिवसभर शिवायचं आणि दिवसभर उसवायचं, असं दोन्ही चालू असतं. कळतंय का?"

मी मान हलवली. उसवणं मला कळणार नाही तर कोणाला.

"लोकांना वाटतं इन्सुलिन फक्त साखरेसाठी आहे. साखर पेशींत पोचवायचं काम ते करतंच. पण दुसरं मोठं काम म्हणजे हे उसवणं आवरून धरायचं. तुमचं इन्सुलिन कमी होत गेलं, तसं उसवणं सुटत गेलं. दंडातून, मांड्यांतून अमिनो ॲसिडचे तुकडे सुटे झाले आणि रक्तात आले."

"मग ते गेले कुठे?"

"यकृतात. लिव्हरने त्यातल्या बऱ्याच तुकड्यांची साखर केली. ग्लुकोनिओजेनेसिस म्हणतात त्याला, म्हणजे जी वस्तू साखर नाही तिच्यापासून नवी साखर तयार करणं. उपाशी माणसाचं शरीर हेच करतं, मेंदूला साखर मिळावी म्हणून. फरक एवढा की उपाशी माणसाला थोडं तरी इन्सुलिन असतं, ते या कामाला लगाम घालतं. तुमच्याकडे लगामच नव्हता. रक्तात साखर मावत नव्हती, तरी शरीराला वाटत होतं आपण उपाशी आहोत. साखरेखेरीज जे उरलं त्याचा युरिया होऊन लघवीवाटे गेला."

"आणि मी खाल्लेली डाळ?"

"तिच्यातलंही पुष्कळ याच वाटेने साखर होऊन गेलं. म्हणून भाकरी सोडूनही आकडा उतरला नाही." मग त्या यजमानांकडे वळल्या. डॉक्टरबाईंना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. "भाऊ, या गोड खात नव्हत्या. साखर यांच्या दंडातून येत होती."

यजमानांनी सलाईनची दांडी धरली. डॉक्टरबाई गेल्यावर खाली जाऊन आले, येताना त्यांच्या हातात काहीच नव्हतं, म्हणजे ते नुसतेच जाऊन आले होते. माझ्या पायाशी बसून म्हणाले, "गूळना डबा मी माळावर ठेवा. चुकनं मन्हं."

बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं. मी तोंड भिंतीकडे केलं, कारण शेजारच्या खाटेवरची बाई टक लावून बघत होती. माझा राग काही त्या एका वाक्याने गेला नाही, पण त्याची धार गेली.

माझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर डॉक्टरबाईंनी जाता जाता दिलं होतं. "इन्सुलिन मिळालं की उसवणं थांबेल. बांधायचं काम मात्र तुमचं. खाणं आणि हालचाल. नुसत्या इंजेक्शनने मांस चढत नाही. वेळ लागेल, आणि सगळं परत येईल असं मी लिहून देणार नाही."

पाचव्या दिवशी दोन तपासण्यांसाठी रक्त पुण्याला पाठवलं. पहिली सी-पेप्टाइड. स्वादुपिंडात इन्सुलिन आधी एका लांब पट्टीत तयार होतं. त्या पट्टीतून मधला तुकडा कापला जातो आणि इन्सुलिन वेगळं होतं. कापलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. एका इन्सुलिनमागे एक तुकडा. म्हणून रक्तातले हे तुकडे मोजले की शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं. मला हे ऐकून हसू फुटलं. टेलरच्या दुकानात खाली पडलेली कातरण बघितली की दिवसभरात किती काम झालं ते सांगता येतं, त्यातलाच प्रकार.

दुसरी तपासणी गॅड अँटिबॉडीची. आपल्याच शरीराने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना परकं समजून त्यांच्यावर हल्ला केलाय का, ते त्यात कळतं.

आठ दिवस लागले. घरी येऊन पुन्हा शहाद्याला गेलो, दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत अडीच तास बसलो. समोरच्या भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, त्यातल्या बाईच्या ब्लाउजची उजवी बाही डावीपेक्षा लांब होती. तेवढाच विरंगुळा.

सी-पेप्टाइड जवळजवळ नव्हतंच. अँटिबॉडी होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "याला लाडा म्हणतात. मोठ्या वयात हळूहळू येणारा, पण जात लहान मुलांच्या मधुमेहाची. सुरुवातीला नेहमीच्या शुगरसारखाच दिसतो, थोडे दिवस गोळ्याही चालतात, म्हणून पुष्कळदा ओळखू येत नाही. इन्सुलिन आता कायमचं."

नाव लाडाचं आणि वागणं असं. यजमानांनी दोनदा विचारलं, कायमचं म्हणजे किती. डॉक्टरबाईंनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. परतीच्या बसमध्ये मी सरकत्या केळीच्या बागा बघत होते आणि मनात म्हणत होते, गोळ्यांवर भागेल ही आशा आता सोडायची. ते सोपं गेलं नाही. जन्मभर हातात सुई धरलेली बाई इंजेक्शनच्या सुईला घाबरते म्हणून मालूताईंनी मला पुष्कळ चिडवलं. पहिल्या दिवशी पोटाची चिमूट धरून मी वीस मिनिटं बसले होते. चिडवता चिडवता ताईंनीच माझा दुसरा हात धरला, मग जमलं.

आता घरचं वेळापत्रक. दिवसातून एकदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन, आणि जेवणाआधी झटपट काम करणारं. भाकरी परत आली. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, भाकरीने साखर वाढेल. त्या म्हणाल्या, त्यासाठीच इन्सुलिन आहे. अंगाला चालण्या-फिरण्याची ताकद भाकरीतून मिळाली तर डाळीतलं प्रोटीन बांधकामाला राहील. डाळ-अंडं एका वेळी ढीगभर खाण्याऐवजी तिन्ही जेवणांत वाटून घ्यायचं. आणि व्यायाम. पाणी भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत धरून वर-खाली, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. पहिल्या आठवड्यात एकदाही उठता आलं नाही. सोळाव्या दिवशी एकदा उठले आणि लगेच बसले, कारण घरात बघायला कोणी नव्हतं. यजमान आल्यावर पुन्हा उठून दाखवलं.

मापाच्या वहीत माझं पान नव्हतं. इतकी वर्षं गावभराची मापं लिहिली, स्वतःचं कधी लिहिलं नाही. मी नवीन पान काढलं, वर निर्मला लिहिलं आणि खाली दंड, नऊ इंच. दर रविवारी टेप लावायचा. पहिल्या महिन्यात चार वेळा नऊ लिहिलं. मी टेप ओढून घट्ट धरतेय की काय म्हणून यजमानांना धरायला लावला. त्यांचंही नऊच आलं. मी डॉक्टरबाईंना रडवेल्या आवाजात फोन केला. त्या म्हणाल्या, "निर्मलाबाई, दहा महिने दंड उतरत होता. एक महिना नऊवर थांबला, याचा अर्थ बघा." फोन ठेवल्यावर मला अर्थ कळला.

दुसऱ्या महिन्यात सव्वानऊ झालं, मग साडेनऊ. मी ब्लाउज उलटा केला, पांढरा दोरा ब्लेडने टाका टाका कापत काढला. बाही अर्धा इंच मोकळी झाली.

मी पुन्हा शिवायला बसले होते तेव्हाची एक चूक सांगायलाच हवी, म्हणजे तुमची होणार नाही. बाजाराचा दिवस होता. मी सकाळचं इन्सुलिन घेतलं आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून नाश्ता राहिला. रमिलाबाई सातपुड्यातून खाली आल्या होत्या, बाजार करून जाताना ब्लाउज घेऊन जाणार होत्या. मी बेतायला बसले. घाम आला, वाटलं उकाडा आहे. बोटं थरथरली, वाटलं जुनंच दुखणं. कापड कापून बघते तर दोन्ही बाह्या डाव्या. पुढची खोल आणि मागची उथळ कड एकाच बाजूला धरून मी दोन्ही कापल्या होत्या. शिकाऊ पोरीसुद्धा ही चूक दोनदा करत नाहीत. रमिलाबाईंनी मला धरून बसवलं, यजमानांनी शेजारून साखर आणून पाण्यात घालून पाजली. रक्तातली साखर फार उतरली होती, आणि डोकं चालायला साखरच लागते. इन्सुलिन घेणाऱ्याला वाढलेली साखर जितकी नडते तितकी उतरलेलीही नडते. उतरलेली तर मिनिटांत नडते.

मी रमिलाबाईंची माफी मागत होते. घरी त्या पावरी बोलतात, माझ्याशी मोडक्या मराठीत. म्हणाल्या, "काय नाय होत, ताई. हात आहे, चुकतो." उजवी बाही मी दुसऱ्या काठाच्या कापडातून जोड लावून केली. नंतर त्यांच्या पाड्यावरच्या दोन बायका तसाच जोड असलेला ब्लाउज मागायला आल्या, ते वेगळं.

त्याच दिवशी यजमानांनी शिडी लावली. गुळाचा डबा माळ्यावरून खाली आला. त्यांनी गूळ फोडून बोराएवढे खडे केले आणि माझ्या मशीनच्या खणात, बटणांच्या डब्याशेजारी, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवले. डॉक्टरबाईंनी साखर किंवा ग्लुकोजची पावडर जवळ ठेवायला सांगितली होती, नसेल तर गूळ चालेल म्हणाल्या होत्या. पावडरचा डबाही त्यांनी आणला. पण गुळाची डबी त्यांची स्वतःची. कमी झाली की तेच भरतात. मी किती खडे खाल्ले ते एकदाही विचारलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणाला गोळ्या घेऊन, खाणं सांभाळूनही साखर उतरत नसेल आणि अंग मात्र उतरत असेल, तर बारीक झाल्याचा आनंद मानू नका. दंडाला टेप लावा. डॉक्टरांना सरळ विचारा, माझ्या अंगात इन्सुलिन तयार होतंय का? मी शिवणारी बाई आहे, औषध काय घ्यायचं ते मी सांगणार नाही. प्रत्येकाचा डोस वेगळा असतो. आणि घरातल्या माणसांना सांगते, आकडा वर आला म्हणून आजारी माणसाच्या जिभेवर पहिला संशय घेऊ नका. दुखण्यापेक्षा तो जास्त दिवस दुखतो. मला अजून कधीमधी दुखतो.

पिवळी शिवण श्रावणात निघाली. परवा, दिवाळीची कामं संपल्यावर, मी काळी उसवायला घेतली. दंड साडेदहा भरला होता. यजमान पाण्याची पाळी सोडून आले, तेव्हा मी ओट्यावर बसून ब्लेडने काळे टाके कापत होते. कापता कापता बोटांची थरथर थांबेना. मला माहीत होतं हे साखरेमुळे नाही, काळी शिवण सुटत होती म्हणून आहे. पण त्यांनी हात बघितला आणि पायातली चप्पल न काढताच आत जाऊन साखर मोजायचं यंत्र आणि गुळाची डबी घेऊन आले.

"हात कसाले थरथरी ऱ्हायना? पहिले मोज."

मी बोट टोचून मोजलं. एकशे बारा. शुगर ठीक होती. मी आकडा त्यांना दाखवला. ते डबी उघडून तसेच उभे राहिले, हातात गुळाचा खडा. औषध म्हणून तो लागत नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं.

"तरी खाय जरासा," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर गूळ खाल्ला. मग ब्लाउज सरळ करून बाहीत हात घातला. दंडावर ती बसली, ना घट्ट ना ढिली. आत अजून हिरवी शिवण आहे आणि तिच्यामागे राखलेली माया आहे. ती मी आत्ताच उसवणार नाही, आखाजीपर्यंत वाट बघणार आहे.